सत्कारात आलेला न्हावी

एकदा एका मठातला शिष्य विद्या पुरी करून दूरच्या एका बेटावर चाकरीला गेला. बेट असे महाग, की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचेही वेगळे भाडे पडे, आणि रस्त्यात कुणाच्या सावलीला उभे राहिले, तर सावलीचा मालक पावती फाडत धावून येई. खोटे वाटत असेल, तर तिकडे राहून आलेल्या कुणालाही विचारा.

काही वर्षांनी शिष्य रजेवर गावी आला. केस खांद्यावर रुळत होते. "तिकडची फॅशन!" गाव म्हणाले.

मठात सत्कार झाला. शाल, श्रीफळ झाल्यावर गावचा व्यापारी उठला. शिष्याच्या पगाराचे इकडच्या नाण्यात किती होतात, ते त्याने आधीच काढून ठेवले होते.

"साहेब, मठाचा सभामंडप आता तुम्हीच बांधायचा," तो हात जोडून म्हणाला. "तुम्हाला काय हो, चहापाण्याचा खर्च!"

मंडपाला होकार म्हणजे शिष्याची उभी जवानी बेटावर. दोन वर्षांत कायमचा परततो, असा शब्द त्याने आईला दिला होता, आणि आई मागे सुपारी कातरायची थांबून त्याच्याकडेच पाहत होती. पण साऱ्या गावासमोर 'नाही' कसे म्हणावे? तो 'हो' म्हणणार, इतक्यात गुरुजी म्हणाले, "थांब. आधी न्हाव्याला बोलवा."

सभेत खसखस पिकली. पाट मांडला गेला. शाल उतरून गळ्याभोवती पंचा आला.

"गुरुजी, चारचौघांत हे काय?"

"मान खाली घाल."

केस पडत राहिले. मान मोकळी झाल्यावर गुरुजींनी विचारले, "बेटावर एवढ्याला काय पडते?"

"इथला महिन्याचा किराणा येईल," शिष्य पुटपुटला. "म्हणून गावी येईपर्यंत वाढवतो. दाढ दुखते आहे, तीही इथेच दाखवायची ठेवली आहे."

आता कुणी हसले नाही.

"मंडळी, तुम्ही याची मिळकत इकडच्या नाण्यात मोजलीत, खर्च मोजलाच नाही," गुरुजी म्हणाले. "आणि तू रे? तिकडे प्रत्येक घास इकडच्या भावाने मोजून अर्धपोटी राहिलास, आणि इकडे शाल पडताच सगळा हिशेब विसरलास! ज्या गावचा पगार, त्याच गावची भाजी त्याच्या शेजारी ठेवून पाहावी. उरेल तेवढाच माणूस श्रीमंत."

"मग मंडपाचं काय?" व्यापाऱ्याने विचारले.

शिष्याने उघड्या मानेवरून हात फिरवला. "शेठ, मंडप झेपायचा नाही. एक खांब देतो. आणि दोन वर्षांनी त्याच खांबाला टेकून बसायला येतो."

मागे अडकित्ता पुन्हा वाजू लागला.

परदेशाहून आलेल्याला पगार विचारायचा मोह झालाच, तर आधी त्याच्या केसांकडे पाहावे.