रांजणाची पलीकडची बाजू

"पण मला अर्धाच ड्रॅगन दिसतो. पलीकडचा बरोबर आलाय की नाही, हे रंगवताना कळायचं कसं?"

"नाही कळत," म्हातारा कुंभार म्योंग म्हणाला.

विचारणारा बान हा कोरियाच्या राजदरबारातला चित्रकार. राजाच्या समारंभासाठी पांढऱ्या चिनी मातीच्या रांजणांवर निळे ड्रॅगन काढायला त्याला राजधानीहून कुंभारांच्या या गावी धाडलं होतं. कागदावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

रांजणावर मात्र त्याची भंबेरी उडाली. एकदा भाजलेली माती रंग झटकन पिते. ब्रश जरा थांबला की डाग पडतो, आणि तो काही केल्या जात नाही. बान तर ब्रश टेकलेलाच ठेवून, मान वाकडी करून पलीकडची शेपटी बघायचा. दोन रांजण असेच वाया गेले.

आता एकच उरला होता. दूरदेशाहून येणारा तो महागडा निळा रंगही वाटीच्या तळाला गेला होता. हा रांजण बिघडला की दरबारातली जागा गेली, हे बानला पक्कं ठाऊक होतं. तो खरोखर घाबरला होता.

"राजधानीहून चालत आलात?" म्योंगने विचारलं.

"हो. दोन दिवस लागले."

"वाटेत स्वतःची पाठ किती वेळा पाहिलीत?"

"...पाठ कशी दिसणार?"

"तरी पोचलात."



रांजण रंगवायला कुंभाराच्या चाकावरच ठेवला होता. म्योंग समोर बसला आणि दोन्ही हातांनी चाक हळूहळू फिरवू लागला.

"बाबा, थांबा. माझी अजून तयारी नाही."

"मी नाही थांबणार. तुमचं तुम्ही बघा."

आता करतो काय! बानने ब्रश टेकवला. नाक... मिशा... मान... रांजण फिरत राहिला. पोटावरचे खवले येईस्तोवर त्याची भीती गेली. शेपटीला पोचला तेव्हा तो जीभ बाहेर काढून, लहान पोरासारखा रंगवत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

ब्रश उचलला. कुठेही डाग नव्हता.

इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्याने म्योंगपुढे खाली वाकून नमस्कार केला आणि डोळे मिटून, अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "बाबा, मला कळलं. आता पलीकडे जाऊन बघायची मला गरजच उरली नाही."

उत्तर आलं नाही...

बानने डोळे उघडले. म्योंग केव्हाच उठून रांजणाभोवती फेऱ्या मारत होता. तिसऱ्या फेरीला त्याने बानची बाही धरून ओढली.

"अरे वेड्या, झाल्यावर नाही बघायचं, तर कधी?"