पाद्यपूजेचे पाणी

निवांतनाथ महाराज कवठसांगवीला आले, की मुक्काम नेहमी नदीकाठच्या मठात. त्या वर्षी मात्र ते आले आणि हिवाळाभर हललेच नाहीत. लोक म्हणत, महाराजांना इथली हवा मानवली. खरे कारण निराळेच होते. थंडीच्या दिवसांत बालाघाटच्या डोंगराकडून ऊसतोडीची बिऱ्हाडे येत. गावाबाहेर उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. पहाटे नवरा-बायको कोयते घेऊन उसाच्या फडात शिरत आणि लेकरे बांधावर कुडकुडत बसत. एका सकाळी महाराजांनी हे पाहिले आणि म्हणाले, "पोरं मठात आणून सोडा. देवाला एवढी जागा काय करायचीय?"

मग काय विचारता! सभामंडपात झोळ्या टांगल्या गेल्या. थोरली मुले पाटीवर अक्षरे गिरवू लागली. सोजरबाईची चार वर्षांची मनकर्णा तर 'म' काढायला शिकली. तो जरा आडवा झोपलेला असे, पण होता 'म'च! संध्याकाळी लेकीला न्यायला आली की सोजरबाई दारातूनच महाराजांना दंडवत घाली. "म्हाराज, माझ्या आयनं कोयता धरला, म्या धरला. हिच्या हातात तेवढा नगं," असे म्हणे. दुसरे मागणे तिला ठाऊकच नव्हते.

गावचे बागाईतदार सर्जेराव यांना मात्र हे खुपू लागले. मठाचा जीर्णोद्धार त्यांनी केलेला. त्यामुळे देव आपल्याच पंक्तीला जेवतो, अशी त्यांची समजूत. सप्ताहाच्या सांगतेला महाराजांच्या पाद्यपूजेचा मानही त्यांचाच होता. त्या दिवशी पहाटे महाराज नदीवर स्नानाला गेलेले पाहून त्यांनी लेकरे सोडायला आलेल्या बायकांना दारातच अडवले.

"आज पूजा हाय. ही शेंबडी पोरं घिऊन कुठं निघालीस?"

"मालक, पोरीचं अंग तापलंय," सोजरबाई काकुळतीने म्हणाली. "कोपऱ्यात निजवते. आवाज बी करायची न्हाई."

"फडात निजव की! एवढा भाव हाय तुझा, तर महाराज येतील तिथं राखायला!" सर्जेराव हसले. पूजेच्या तयारीला जमलेले बाकीचेही हसले. सोजरबाई लेकीला घेऊन माघारी फिरली.

ऊसतोड त्या दिवशी सर्जेरावांच्याच रानात होती. झोंबरा वारा सुटलेला. सोजरबाईने एका सरीत पाचटाचा आडोसा केला, लेकीला गोधडीत गुंडाळून तिथे निजवले आणि ती तोडीला लागली. तोडता तोडता सगळे फडाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

तोडलेल्या रानातले पाचट पेटवायचे तर आधी चारी अंगांनी हाळी द्यायची, अशी तिथली रीत. हाळी कानावर आली की बाया आधी लेकरे उचलतात, मग कोयते. पण तोड बघायला रानात आलेल्या सर्जेरावांना पूजेची घाई! जाता जाता रान मोकळे करून टाकावे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने काडी लावली. हाळी द्यायला थांबतो कोण? ते तसेच तडक मठाकडे निघाले.

धूर दिसला आणि सोजरबाईने कोयता टाकला. ती धावली. पण मध्ये आगीची भिंत! नवऱ्याने, लिंबाजीने, तिला कवळा घालून धरले. ती ऊर फोडून ओरडली, "म्हाराज, पोरगी तुमच्या पदरात हाय वो!"

त्याच घटकेला मठात महाराज पाटावर बसले होते. पुढे पाय धुण्यासाठी तांब्याचे घंगाळ काठोकाठ भरलेले. महाराज एकाएकी उठले आणि त्यांनी ते घंगाळ भुईवर पालथे केले. सर्जेराव नेमके तेव्हाच दारात आले.

"महाराज, हे काय? पूजेचं पाणी..."

"कामाला लागलं, सर्जेराव," महाराज शांतपणे म्हणाले. "तुमच्याच रानात लागलं."

सर्जेरावांना काहीच उमगेना. पण थोड्याच वेळात सोजरबाई लेकीला उराशी धरून आली. मागे लिंबाजी आणि सगळी टोळी. लिंबाजी धापा टाकत म्हणाला, "मालक, पाण्याचा पाट कोरडा हाय. पर ज्या सरीत पोरगी व्हती, त्या एकाच सरीत पाणी वाहात आलं. इस्तू तिथवर आला आन् इझला. पोरगी आपली चिखलात बसून 'म' काढतीया!"

सर्जेरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "महाराज, काडी मीच लावली," ते कसेबसे म्हणाले. "हाळी दिली नाही. हिला दारातून मीच घालवली होती." आणि ते महाराजांच्या पायांकडे वाकले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे पाय नदीवर धुऊन झालेत. हिचे धुवा. चिखल हिच्या पायांना लागलाय."

दुसरे पाणी आणले गेले. सर्जेरावांनी आपल्या हातांनी ती इवलीशी पावले धुतली, आपल्या उपरण्याने पुसली आणि त्यांवर कपाळ टेकले. हा एवढा मोठा माणूस का रडतो, ते मनकर्णेला कळेना. ती आईला बिलगली.

सर्जेरावांनी मान वर केली ती हात जोडूनच. सोजरबाईला म्हणाले, "ताई, उद्या पहाटे किती वाजता येशील? मी दार उघडं ठेवून बसतो."