हलकं अप्पर

"...पण हलकी नळी घ्यायला हरकत काय आहे, उस्ताद?"

फौजदार रणनवरे अजून नीट बसलेही नव्हते, तोवर त्यांचा प्रश्न आला.

इस्माईल उस्ताद दर्ग्याचं अंगण झाडत होते. हयात पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात आणि पोरांना नेम शिकवण्यात गेली. आता मुक्काम टेकडीवरच्या या दर्ग्यात. खालीच चांदमारी आहे, पोलिसांचं नेमबाजीचं मैदान. तिथला आवाज ऐकून वर बसल्या बसल्या सांगतात, कोणाचा श्वास चुकला ते.

मी बंदुकीचे पट्टे, तेल, ताडपत्र्या पुरवणारा व्यापारी. गुरुवारची साखर घेऊन गेलो होतो, म्हणून हे कानावर पडलं. दुसऱ्याचा सौदा ऐकायची आमच्या जातकुळीची खोडच.

 उस्ताद पायऱ्यांकडे बघत होते.

लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन मडावी शिपाई वर येत होता. कानशिलांवरचे केस पिकलेला माणूस. धापा टाकत.

उस्तादांनी खराटा ठेवला, रांजणातून पेला भरला. साहेबांनी हात पुढे केला. पेला त्यांना ओलांडून मडावीकडे गेला.

"बस बेटा. दम खा."

मग पेटी उघडली.

कार्बाइनचा, म्हणजे आखूड रायफलीचा, वरचा भाग, ज्यात नळी बसते, त्याला ही मंडळी अप्पर म्हणतात. पेटीत तशी दोन होती. एकाची नळी बारीक, अंगही जिथं जमेल तिथं कोरून हलकं केलेलं. दुसरं जाड नळीचं.

"माझ्या तुकडीसाठी यातलं एक निवडायचंय," साहेब म्हणाले. "उद्या कळवायचंय. पुढची कितीतरी वर्षं पोरांच्या गळ्यात तेच राहणार."

"गोळ्या झाडून पाहिल्यास?"

"सकाळीच. बारीक नळीच्या पहिल्या गोळ्या जवळपास एकाच भोकात."

"नंतरच्या?"

"...तापली की पसरतात थोड्या."

"जाड नळीच्या?"

"नाही पसरत. पण उस्ताद, आम्ही गोळी झाडतो किती आणि बंदूक वाहतो किती? पहाटे निघालो की चालतच असतो. शिवाय जाड नळीनं बंदुकीचं तोंड जड होतं, हात भरून येतात."

"खरं आहे."

मला वाटलं, सौदा पटला. गिऱ्हाईक 'खरं आहे' म्हणालं की मी पुडीला दोरा गुंडाळायला घेतो.

उस्तादांनी हलकं अप्पर तळहातावर तोललं. डोळे मिटले.

"फरक आहे म्हणायचा तर आहे... पण एवढ्याशा फरकासाठी तू टेकडी चढून आलास. कोणासाठी?"

साहेबांचा आवाज खाली आला.

"कन्ना पुंगाटी. माझ्या तुकडीतला. नाल्यापलीकडून गोळीबार सुरू झाला, मी माघारीचा इशारा दिला. सगळे चढ चढून आले. कन्ना मागे राहिला. ...ओझ्यानं मारलं त्याला, उस्ताद. त्याच्या आईला मी शब्द दिलाय. पुन्हा कोणी ओझ्यापायी मागे राहणार नाही."

खाली चांदमारीवर शिट्टी वाजली. गोळीबार थांबला.

"काय काय होतं त्याच्या अंगावर?"

"बंदूक. काडतुसं. पाणी, शिधा."

"आणि?"

"एवढंच. सगळ्यांवर असतं तेवढंच."

उस्ताद मडावीकडे वळले.

"तू होतास?"

"होतो जी."

"आणि?"

मडावीनं साहेबांकडे पाहिलं.

"अरे बोल की, मडावी. मी काय खातो का तुला?"

"...सायबाची पिशवी होती जी."



मडावी घाईघाईनं म्हणाला, "रिवाजच हाये तो, उस्ताद. नवा असते तो सायबाची पिशवी घेते. मी बी वाहिली पहिल्या सायबाची. सायबाचा काही दोष नाही त्यात."

"मला मोकळं राहावं लागतं," साहेब म्हणाले. "नकाशा, वायरलेस... पुढे मी असतो."

"असतोस," उस्ताद म्हणाले. "शाबास. पुढे राहायला मीच शिकवलं तुला. ...काय होतं पिशवीत?"

"अंथरूण. कोरडे कपडे."

उस्ताद वाट बघत राहिले. एवढा थांबणारा माणूस बाजारात कधी फसत नाही.

"...दाढीचं सामान."

मडावी खाली मान घालून फरशीशी बोलल्यासारखा बोलला.

"मी वरडलो त्याले, फेक म्हणलं ते. तर म्हणे, 'माही नाही ना काका, सायबाची हाये.'"

साहेबांनी हलक्या अप्परवरचा हात काढून घेतला. तापलेल्या नळीला लागावा तसा.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मडावी."

"तुमी इचारलं नाही जी."

वारा आला. झाडून जमवलेला पाचोळा पुन्हा अंगणभर पसरला. उस्तादांनी तो तसाच राहू दिला. बारीक नळीचं अप्पर पेटीत ठेवलं, शेजारी जाड नळीचं. झाकण लावून कडी घातली.

 साहेबांनी पुन्हा विचारलं, पण विचारणारा आता वेगळाच कोणीतरी होता.

"उस्ताद... कोणती घेऊ?"

साहेब उठले तसा सवयीनं मडावीही उठला आणि त्याचा हात पेटीच्या कडीला गेला. उस्तादांनी त्या हातावर आपला हात ठेवला.

"तू बस. शेटजींनी साखर आणलीय, खा."

मग साहेबांकडे बघून म्हणाले,

"पेटी तू उचल. खाली गाडीपाशी पोचलास, की ओझं न उतरवता तिथूनच विचार. ...मला ऐकू येईल."