गळक्या माठांचा गारवा

राजा वीरभानाची दुपारची झोप उडाली होती आणि तिच्यापायी सगळ्या राजवाड्याची झोप उडाली होती. वैशाखाचं ऊन असं तापलं होतं की शयनमहालाच्या भिंतीला हात लावला तर चटका बसावा. छताचा पंखा ओढायला माणूस ठेवला, तर पंखा कुरकुरायचा. पंख्याला तेल दिलं, तर ओढणारा खोकायचा. ओढणारा बदलला, तर नवा गडी राजाच्या आधी झोपून घोरायला लागायचा. शेवटी राजानं पलंगाभोवती पाण्याचे माठ मांडायला लावले, आणि तिथेच भिवा कुंभाराची साडेसाती सुरू झाली.

त्याचं असं झालं. माठातलं पाणी गार व्हावं म्हणून कुंभार मातीत थोडी घोड्याची लीद कालवतात. भट्टीत ती जळून जाते, तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात आणि त्यांतून पाणी पाझरत राहतं. भिवानं हेच केलं. पण माठ राजवाड्याचे, म्हणून लीदही राजाच्या पागेतली मिळाली, आणि तीही फुकट! भिवाचा हात सैल सुटला. माठ असे झाले की पाणी आत कमी, बाहेरच जास्त. राजाचा डोळा लागतो न लागतो तोच अंथरूण ओलंचिंब झालं.

राजानं हुकूम सोडला, कुंभाराचं चाक फोडा आणि भट्टी मोडा. चाक गेलं की भिवाचं सगळंच गेलं. भर दरबारात तो राजाच्या पायांशी लोळण घेऊ लागला, तशी त्याची मुलगी येसू पुढे झाली. तिनं अदबीनं विचारलं, महाराजांना फुटकं चाक हवंय की दुपारची झोप?

"झोप!" राजा म्हणाला आणि लगेच त्याच्यातला हट्टी माणूस जागा झाला. खोली गार करून दाखव, पण मी झोपलो असताना कुणाचा हात हलता कामा नये आणि कसला आवाज होता कामा नये. जमलं तर बापाचं चाक वाचलं. "आणि खोली गार झाली की नाही, ते मी सांगणार. मी कबूल करीन तेव्हाच गार!"

दिवाणजींनी कपाळाला हात लावला. बुद्धिबळात मात झाली तरी 'डाव अजून चालू आहे' म्हणत जेवायला उठणारा हा राजा, तो कसला कबूल करतोय!

येसूनं तेच गळके माठ परत मागितले. भिवानं तिला बाजूला ओढलं.

"अगं पोरी, झाली तेवढी नाचक्की पुरे नाही का? चांगले माठ घे."

"बाबा, माठ गळतात हे खरं. पण कुठं गळायचं, ते आता आपण ठरवू."

महालाला पश्चिमेची मोठी खिडकी होती. तिच्यातून दिवसभर झळा येत, म्हणून ती कायम बंद असे. येसूनं ती सताड उघडली, तेव्हा दिवाणजी बेशुद्ध पडायचेच बाकी राहिले. तिनं खिडकीभर वाळ्याचा जाड पडदा टांगला, वरच्या फळीवर गळके माठ मांडून काठोकाठ भरले आणि खाली वाळूची परात ठेवली. समोरच्या भिंतीतला झरोकाही उघडला, म्हणजे गरम हवेला बाहेर जायला वाट. पाणी वाळ्यावर उतरू लागलं. बाहेरची झळ पडद्यात शिरली आणि आत येताना थंडगार, सुगंधी झुळूक होऊन आली.

राजा आडवा झाला. सगळीकडे शांत झालं आणि मग ऐकू आलं, टप्. टप्.

राजानं एक डोळा उघडला. "हा कोण बोलतोय?"

भिवाचा जीव टांगणीला लागला. येसू देवघराकडे पळाली आणि समईच्या वाती घेऊन आली. वातीचं एक टोक माठाच्या ओल्या बुडाला चिकटवलं, दुसरं वाळ्यात खोचलं. अशा वाती सगळ्या माठांना लावल्या. आता थेंब पडेनात, वातीवरून गुपचूप उतरू लागले.

मग सगळे दाराशी जाऊन बसले. दिवाणजींना शिंक येऊ लागली, तेव्हा भिवानं त्यांचं नाक चिमटीत धरलं. एरवी कुणी दिवाणजींच्या नाकाला हात लावला असता तर काय झालं असतं, कोण जाणे.

पलंगावरून आवाज आला, "उकडतंय." थोड्या वेळानं पुन्हा आला, जरा जड, "अजून उकडतंय." त्यानंतर आली ती घोरण्याची लय. राजाचा एक हात झोपेतच पायाशी गेला, तिथली जरीची शाल चाचपली आणि गुडघ्यापर्यंत ओढली. मग छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत. येसूला हसू आवरेना.

उन्हं कलली तेव्हा राजा उठून बसला. गालावर उशीच्या रेघा, अंगाभोवती गच्च शाल.

"छे, छे!" तो जांभई देत म्हणाला. "काय हा उकाडा! डोळ्याला डोळा लागला नाही. मुली, तू हरलीस."

भिवा मटकन खाली बसला. येसूनं मात्र वाकून मुजरा केला.

"चुकलं माझं, महाराज. एवढं उकडत असताना ही शाल अंगावर कुणी टाकली? आणा इकडे, घडी करून ठेवते." असं म्हणून तिनं शालीचं टोक धरून हळूच ओढलं.

राजानं शाल दोन्ही हातांनी आवळून धरली.

"ए, सोड! थंडी वाजेल मला!"

बोलून गेला आणि राजा थबकला. येसूनं टोक सोडलं. दिवाणजींची अडवून ठेवलेली शिंक नेमकी तेव्हा सुटली, आणि राजाला हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता तो पलंगावर लोळला.

"झालं कबूल! गार आहे बाई, गार आहे!"

भिवाचं चाक वाचलं. राजानं अंगावरची शाल उतरवून येसूच्या खांद्यावर टाकली आणि दरवर्षी राजवाड्याला गळके माठ पुरवायचं काम भिवाला दिलं, पागेतल्या लिदीसकट. मग कुडकुडत दिवाणजींना म्हणाला, "बघत काय बसलात? दुसरी शाल आणा!"