बुधीचा कातळ

फार फार मागे, घाटाच्या पायथ्याशी धड पायवाटही नव्हती तेव्हा, कातळपाड्यावर बुधी नावाची बाई होती. खोताला डोंगरापलीकडे जायचं असलं की पाड्यातल्या गड्यांनी त्याची डोली फुकट वाहायची, अशी वेठ होती. खांदे सोलवटायचे. कुणी एकटा बोलला तर फटके खायचा.

बुधी म्हणाली, मग सगळ्यांनीच बोलायला शिकू. तिनं तरण्या पोरापोरींना पाड्यावरच्या कातळावर नेलं. एकानं वर उभं राहून म्हणणं मांडायचं, बाकीच्यांनी खोताची माणसं होऊन त्याला वाट्टेल ते बोलायचं. चिडेल त्यानं खाली उतरायचं. असं म्हणतात, तिथं शिकलेल्याच्या अंगावरून शिवी अळवावरच्या पाण्यासारखी घरंगळून जाई.

फक्त तिचा धाकटा भाऊ नवशा शिकेना. पहिल्या टोमण्यालाच तो दगड उचले.

"भात शिजायच्या आधीच तुझी हंडी फुटते रे," बुधी म्हणायची.

"मग नको शिकवू मला."

"तुलाच शिकवायचंय. बाकीचे शिकलेत."

हे खोताच्या कानी गेलं. त्याच्या माणसांनी बुधीला ओढ्यापाशी गाठून मारलं. चौघांच्या हातांवर ती घरी आली आणि दिवेलागणीला गेली.

तिला माती देऊन नवशा कोयता घेऊन निघाला. खोताला कापायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. खोत मेला असता तर त्याच्या लोकांनी पाडा जाळला असता. ते सगळ्यांना कळत होतं, त्याला नाही. कातळापाशी पोरांनी वाट अडवली. सगळी रडत होती, पण समजूत कुणी घातली नाही. बुधीची मैत्रीण सोमी म्हणाली, "आला बघा शूर. बहीण मार खात होती तेव्हा कुठं निजला होतास?"

नवशानं कोयता उगारला. सोमी हलली नाही.

"चिडलास? उतर खाली."

"अजून चढलोय कुठं?"

"मग चढ."

तो चढला. तो मनात स्वतःला जे जे बोलत होता, ते सगळं त्यांनी त्याला ऐकवलं. तो खाली उतरला नाही. एवढंच म्हणाला, "यापुढं डोली उचलायची नाही." असं म्हणतात, समोरच्या डोंगरानं तेच शब्द परत दिले, ते बुधीच्या आवाजात.

कोयता तिथंच टाकून सगळे खोताच्या अंगणात गेले.

"तुमचा म्होरक्या कोण?"

"मी," नवशा म्हणाला. "मी," सोमी म्हणाली. मग प्रत्येकानं तेच सांगितलं. खोतानं बुधीचं नाव घेऊन शिव्या दिल्या. नवशा जागचा हलला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "खोतबाबा, याहून बऱ्या शिव्या आमची म्हातारी देते."

डोली अंगणातच पडून राहिली. असं म्हणतात, तिच्या दांडीला कोंब फुटले आणि त्या बांबूच्या बेटानं खोताचं घर गिळलं.

कातळपाड्यावर आजही ज्याला चार माणसांसाठी बोलायला पुढं व्हायचं असतं, त्याला आधी त्या कातळावर उभं करतात. अख्खा पाडा त्याला टोमणे मारतो. पहिला टोमणा सख्ख्या बहिणीचा. बहीण नसेल, तर तिच्या वाटणीचा तेवढा वेळ सगळे गप्प राहतात.