ओरडणारी वाटणी

फार जुनी गोष्ट आहे. एका कोड एडिटरमध्ये पायथन भाषेतली फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे छोटे तुकडे, राहत होती. एका लग्नातले लाडू वाटायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यांतली मोजणी पाहुणे मोजणार होती आणि वाटणी त्या आकड्याने लाडू भागणार होती.

पण वाटणी एकदम ओरडायला लागली, "कशाने भागू? मला आकडाच मिळाला नाही!" पडद्यावर तिच्या नावाने लाल अक्षरं उमटली.

शेजारची फंक्शनं म्हणाली, "ओरडते तीच बिघडलेली. पुसून टाका हिला!"

प्रोग्रामर मैथिलीने पुसायला बोट उचललंही. मग थबकून तिने मोजणीच्या दारात ब्रेकपॉइंट बसवला. कोडला मध्येच अडवणारा तो लाल ठिपका मोजणीला म्हणाला, "काय गं, पाहुणे मोजलेस का?"

"मोजले की, झाडून सगळे."

"मग वाटणीला आकडा का दिला नाहीस?"

"मोज असं लिहिलं होतं. परत दे असं कुठे लिहिलं होतं?"

मैथिलीने कपाळावर हात मारला आणि मोजणीच्या शेवटी 'रिटर्न' लिहिलं. लाडू सगळ्यांना मिळाले.

त्या दिवसापासून वाटणी मुकाट्याने काम करू लागली. शेजारी मात्र काळजीत पडले.

"हल्ली ओरडत नाही," ते कुजबुजले. "नक्कीच काहीतरी बिघडलंय हिचं."