नळीतले आभाळ

मोटारी चालता चालता स्वप्ने बघायच्या, तेव्हाची ही गोष्ट. एका जीपच्या रेडिएटरमध्ये नवे पाणी भरताना हवेचा एक बुडबुडा आत राहिला आणि नळीच्या सर्वांत उंच वळणात जाऊन बसला. तिथे डुलता डुलता त्याला वाटले, हेच आभाळ.

"बाळा, जरा सरक," खालून पाणी म्हणाले. "इंजिन तापलंय. मला पलीकडे जाऊ दे."

"आभाळातून कुणी उठतं का?" बुडबुडा पेंगत म्हणाला.

माळावर इंजिन धापा टाकू लागले. शिदू ड्रायव्हरने ते पुरते निवू दिले, मग जीप तोंड वर करून चढावर उभी केली. रेडिएटरचे झाकण काढून पाणी ओतले, इंजिन हळू सुरू ठेवले आणि नळी दाबत राहिला.

बुडबुड्याची उंच जागा आता खाली गेली होती. तो तरंगत रेडिएटरच्या उघड्या तोंडाशी आला.

"मी फुटेन ना!"

"वर बघ," पाणी म्हणाले.

वर ढग संथ चालले होते. बुडबुडा फुटला. आत पाणी झुळझुळत पलीकडे गेले, इंजिन शांत झाले. आणि बाहेर, आपण कुठे संपलो नि वारा कुठे सुरू झाला, हे बुडबुड्याला कधी कळलेच नाही.